नथाची काळी बाटली

जेकब वाकरूळकरच्या शरबताला पेणमध्ये तोड नाही, हे एक त्याचा बाप सोडला तर सगळ्या पेणला मान्य होतं.

रामवाडीत हायवेलगत जेकबचं सोडा-शरबताचं दुकान होतं. कोकम, लिंबू, आलं, जिरा सोडा. बाटल्या भरायच्या, पायाने दाबायच्या मशीनवर पत्र्याची बुचं बसवायची आणि एसटीतून उतरणाऱ्या घामेजल्या माणसांना पाजायच्या, असा धंदा. पण ते झालं पोटापाण्याचं. जीव अडकला होता तो मनुकांच्या शरबतात. बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो, आणि घरातला वडीलधारा द्राक्षरसाचा प्याला हातात घेऊन किद्दूशची प्रार्थना म्हणतो. आता कोकणात आपल्या धर्माला चालेल असा द्राक्षरस आणायचा कुठून? म्हणून वाडवडिलांनी वाट काढली. काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, मलमलीतून गाळायच्या, झालं शरबत. पेणमधली बहुतेक घरं इस्राएलला निघून गेली होती. उरलेल्या चार-पाच घरांचं शरबत आधी जेकबचे वडील, एझ्राबाबा, करायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तसं ते काम जेकबकडे आलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी एकच नाटक. बाबा टोपी सारखी करायचे, किद्दूश म्हणायचे, घोट घ्यायचे. जेकब त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. आणि बाबा म्हणायचे, "हं." बस्स, एवढंच! कधी त्या हुंकाराला शेपूट असायचं, "फडका नीट धुतला नव्हता वाटतं." पण "जमलं" असं काही त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. जेकब पन्नाशीला टेकलेला, पोरगी लग्न होऊन इस्राएलात नांदत असलेली, आणि हा बाप्या त्या एका शब्दासाठी शाळकरी पोरासारखा झुरत होता. त्याची बायको सिपोरा म्हणायची, "अहो, सगळं पेण नावाजतं, त्याने भागत नाय का तुमचं?" नव्हतं भागत. काय करणार!

अशात सत्त्याण्णवच्या जानेवारीत नथानियल आला.

नथानियल म्हणजे जेकबचा धाकटा भाऊ. बारा-तेरा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला तो गेलाच. आधी कुठे हॉटेलात, मग कुठल्या गोदामात, असं करत आता शिकागोला एका लहानशा बियरच्या भट्टीत कामाला होता. आल्या आल्या त्याने बॅग उघडली, सिपोराला पर्स दिली, दादाला जाकीट दिलं, आणि मग स्वेटरात गुंडाळलेली एक काळी बाटली काढून दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली.

"बाबा, ही इंपीरियल स्टाउट. साधी बियर नाय. जव काळे होईस्तो भाजायचे, मग दाट बियर बनवायची, आणि ज्या पिपात आधी व्हिस्की मुरली त्या पिपात वर्षभर ठेवायची. हे पीप माझ्या एकट्याच्या हातचं हाय. तिकडे कोणी काय म्हणो, मला तुमचं ऐकायचंय. पहिला घोट तुमचा."

बाबांनी बाटली उजेडात धरली, उलटसुलट केली, आणि जेकबने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं असं हसले. "शुक्रवारी," ते म्हणाले. "किद्दूश झाला की उघडू. अशी वस्तू कधीपण प्यायची नसते."

झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. बाटली फडताळात वरच्या खणात, बाबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी. आला-गेला कोणी असो, पोस्टमन असो नाहीतर वाणी, बाबा त्याला आत बोलवायचे. "आमच्या नथाने बनवलीय. वर्षभर पिपात मुरवलीय, काय समजलास?" जेकब दुकानातून जेवायला घरी आला की ओसरीवर हेच चाललेलं. जेकब बाजूला बसून वरणभात कालवतोय आणि तिकडे बाप न चाखलेल्या बाटलीचे गोडवे गातोय. न चाखलेल्या! ह्याचं शरबत दहा वर्षं चाखून हुंकार, आणि त्याची बाटली नुसती बघूनच पाणी सुटतंय तोंडाला. जेकबच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भात घशाखाली उतरेना.

नथा तसा वाईट नव्हता, तेच तर जास्त खुपत होतं. दुकानात येऊन बसायचा, बुचं लावू लागायचा, "दादा, तुझ्या हाताला काय चव हाय!" म्हणायचा. अरे, तू कोण मला शाबासकी देणारा? चार पावसाळे कमी पाहिलेस माझ्यापेक्षा! जेकब वरवर हसायचा आणि मशीनवर पाय असा आपटायचा की बाटल्या खडखडायच्या.

रात्री तो सिपोराला म्हणाला, "शुक्रवारी बाबा तो घोट घेणार आणि 'जमलं' म्हणणार. बघ तू."

"म्हणू देत की. तुमचं काय जातं?"

"माझं काय जातं? माझंच तर जातंय सगळं!"

सिपोराने त्याच्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. शाळेत मास्तरीण होती ती, हट्टी पोरांशी किती बोलायचं हे तिला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी बाबा आणि नथा रोह्याला गेले. तिथे अष्टमी गावात बाबांची बहीण रेचल आत्या एकटीच उरली होती, तिला भेटून संध्याकाळी परत यायचं होतं. सिपोरा शाळेत गेली. घरात जेकब आणि ती बाटली.

खरं सांगायचं तर त्याच्या मनात तेव्हा पाप नव्हतं. एवढंच होतं की उद्या सगळ्यांच्या देखत, बापाच्या कौतुकाच्या वर्षावात उभं राहून त्याला ती पहिल्यांदा चाखायची नव्हती. आधी माहीत तरी पाहिजे काय आहे ते. आणि बूच काढून परत बसवणं हा तर त्याचा रोजचा उद्योग. एक घोट कमी झाला तर कोणाला कळतंय? मनात आशा ही की बाटलीत काहीतरी भिकार निघेल. त्याने बाटली कापडी पिशवीत घातली, वर वर्तमानपत्र कोंबलं आणि जोह्याची एसटी पकडली.

जोह्याला हैबतराव राहायचा. भात आणि वालाची शेती, शाळेपासूनचा दोस्त, आणि एकट्याने दारू पिणं जेकबला पाप वाटायचं म्हणून कधीमधी लागणारी संगत. हैबतरावच्या पडवीत गणपतीच्या कारखानदाराने कच्च्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या, त्यांच्या रांगांमधून वाट काढत जेकब मागच्या शेतात गेला. हैबतराव पोपटी लावून बसला होता. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, चार अंडी, मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ.

"बरा टायमाला आलास जेकबा! काय आणलंस?"

जेकबने सांगितलं. सगळं सांगितलं, पोटातली आग धरून. हैबतरावने कान खाजवला. "म्हंजे चोरून आणलीस."

"एक घोट घ्यायचाय. परत ठेवणार हाय मी."

"व्हय व्हय. समदे असंच बोलतात."

जेकबने बुचाच्या कडेखाली नाणं घालून, चहूबाजूंनी हळूहळू सैल करत, न वाकवता बूच काढलं. फुस्स असा बारीक आवाज झाला. दोन पेले. ओतलं तर ते मनुकांच्या शरबतासारखंच काळं, उलट त्याहून दाट, आणि वर तपकिरी फेसाची पातळ साय. वास आला आणि जेकबच्या नाकाने ताबडतोब ओळखलं की हे भिकार नाही.

त्याने घोट घेतला. आधी काकवी. मग भाकरीचा करपलेला पापुद्रा, मग कडक कॉफी. आणि हे सगळं आता संपलं म्हणावं तर घशातून उलटा परत भाजलेल्या खोबऱ्याचा स्वाद. खोबरं घातलं नव्हतं त्यात, ते त्या पिपाच्या लाकडातून उतरलं होतं हे त्याच्या जिभेला कळलं. शेवटी छातीत एक ऊब, दारूची, पण कुठे टोचणी नाही. वर्षभर एका जागी थांबून सगळं एकमेकांत असं मिसळलं होतं की कुठे शिवण दिसेना. जेकबने डोळे मिटले. हलकट, त्याने मनात म्हटलं, हलकट कुठला, कसं रे जमवलंस हे?

"भारी हाय," हैबतराव म्हणाला. "शपथ, जेकबा, असलं काय मी जन्मात नाय प्यालो. नथा हुशार निघाला रे!"

"गप पी."

"तुझ्या शरबतापेक्षा पण..."

"गप पी म्हटलं ना!"

पोपटीचं मडकं उघडलं. वाफाळत्या शेंगा, मीठ-ओवा, आणि मधे तो घोट. एक घोट म्हणता म्हणता दुसरा झाला. जेकबला दर घोटाला वाटायचं, ह्या खेपेला कुठेतरी खोट सापडेल, आणि ती शोधायला पुढचा घोट लागायचा. ती बियर व्हिस्कीची बहीण, डोक्यात हळूच चढते हे दोघांना कोण सांगणार! हैबतराव लांबून पडवीतल्या मूर्तींकडे बघून हसायला लागला आणि जेकब रडायला. "बाबा ह्याला जमलं म्हणणार," तो नाक पुसत म्हणत होता, "आणि बरोबर म्हणणार! तेच तर दुखतंय ना!"

मग बाटली वाजली ती रिकामी.

जेकबची नशा खाडकन उतरली. पाचावर धारण बसली. पिशवी छातीशी धरून तो एसटीने पेणला परत आला, दुकानाचं अर्धं शटर ओढून आत बसला. समोर पातेल्यात उद्याच्या किद्दूशचं मनुकांचं शरबत गाळून ठेवलेलं. काळं. जेकबने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे, आणि तेव्हा कुठे त्याच्या मनात खरं पाप आलं. भरावं हेच. उद्या बाबा घोट घेतील, तोंड वाकडं करतील, म्हणतील, "हं. ही का तुझी अमेरिका?" आपली चोरी झाकली जाईल आणि नथाचं नाक सगळ्यांच्या देखत कापलं जाईल. ह्या विचाराने त्याला असं काही बरं वाटलं की त्याने बाटली गरम पाण्याने दोनदा विसळली, शरबत गळ्यापर्यंत भरलं आणि तेच बूच मशीनवर हलक्या पायाने परत बसवलं. ओरखडासुद्धा दिसत नव्हता. संध्याकाळी रोह्याची गाडी यायच्या आत बाटली फडताळात होती.

शुक्रवार आला. सिपोराने नारळाच्या रसातलं माशाचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि मग दिवे लावले. बाबांनी टोपी सारखी केली, जेकबच्या शरबताचा प्याला हातात घेतला, किद्दूश म्हटला आणि घोट घेतला.

"हं," बाबा म्हणाले. "मनुका नीट भिजल्या नव्हत्या."

जेकब आज पहिल्यांदा त्या हुंकारावर हसला. थांबा जरा. हेच आता परत प्यायचंय तुम्हाला.

"आण गो सिपोरा, नवे पेले आण," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. नथाने बाटली घेतली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि बूच काढलं. आवाज झाला नाही. नथाच्या कपाळाला आठी पडली. "गॅस गेला वाटतं प्रवासात..."

"ओत रे, बोलू नको," बाबा म्हणाले.

नथाने ओतलं. बाबांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट घेतला आणि तो तोंडात घोळवत राहिले. किती वेळ! सिपोराचा कालवणाचा डाव हवेतच राहिला. जेकब बापाच्या ओठांकडे बघत होता, वाकडे कधी होतात म्हणून.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जमलं," ते म्हणाले. "जमलं रे नथा! काय गोडी, काय खोली! माझ्या बाच्या हातचं शरबत असंच लागायचं. इतकी वर्षं मी हीच चव शोधत होतो, आणि ती तू सातासमुद्रापार जाऊन आणलीस!"

जेकबच्या कानात घंटा वाजायला लागल्या. तो शब्द होता. तोच, त्याचाच, त्याच्या मनुकांना, त्याच्या फडक्याला, त्याच्या हाताला मिळालेला, आणि बाप बघत होता दुसरीकडे.

नथाने आपला पेला उचलून घोट घेतला. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा. त्याने बाटलीकडे पाहिलं, मग सरळ जेकबकडे. कळलं होतं त्याला, कळणारच. आपली बियर न ओळखायला तो काय खुळा होता? जेकब वाट बघत राहिला, की आता हा बोलेल, बाबा, हे माझं नाय.

नथाने घसा साफ केला. बाबांचा थरथरता हात त्याच्या गुडघ्यावर होता. "आवडलं ना बाबा?" तो हळूच म्हणाला.

"चोर!" जेकब ओरडला.

सगळे दचकले. जेकब उठून उभा राहिला होता आणि त्याचा त्यालाच आवाज आवरत नव्हता. "चोर साला! माझं हाय ते! माझं शरबत हाय, बाबा! त्याची बियर मी प्यालो, काल, हैबतच्या शेतावर, सगळी प्यालो, आणि बाटलीत माझं शरबत भरलं! आत्ता किद्दूशला प्यालात ना, तेच हाय हे, त्याच पातेल्यातलं! जमलं ते माझं जमलं! ह्याचं नाय, माझं!"

सिपोराने तोंडावर पदर धरला. लाज तिलाच वाटत होती, जेकबला त्या घडीला तेवढंही भान नव्हतं. चोरी उघडी पडली तर पडू दे, पेणभर छी-थू झाली तर होऊ दे, पण तो शब्द नथाच्या पदरात गेलेला त्याला बघवत नव्हता. छाती धपापत तो बापासमोर उभा राहिला. आता म्हणा. एकदा माझ्याकडे बघून म्हणा.

एझ्राबाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पेल्याकडे. मग पेला परत ओठाला लावून सावकाश एक घोट घेतला.

"तुझं होय," ते म्हणाले. "तरीच मागाहून जरा आंबट लागलं." आणि पेला खाली ठेवून त्यांनी भाकरी मोडायला घेतली.

जेकब मटकन खाली बसला. बाबा मन लावून काटे काढत होते. नथाने सिपोराकडे पाणी मागितलं, प्यायला, मग जेकबच्या बाजूला सरकला. भांडेल असं जेकबला वाटलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

"सगळी प्यालास?" नथाने विचारलं.

"सगळी."

"शेवटची होती ती दादा. ते पीप संपलं." नथा बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलत होता. "कशी होती?"

जेकबच्या जिभेवर ती चव अजून होती. काकवी, करपलेला पापुद्रा, उलटं येणारं खोबरं. नथा सोडला तर साऱ्या घरात ती चाखलेला तो एकटाच माणूस होता. नथा त्याच्या ओठांकडे बघत होता, श्वाससुद्धा धरून. असं कोणी बघत असलं की आतून कसं होतं, हे जेकबइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? एक शब्द पुरला असता. पण बापाने मिटल्या डोळ्यांनी ज्याचं नाव घेतलं तो नथा होता, आणि ते काही जेकबच्या मनातून हलेना.

"कडू होती जरा," तो म्हणाला.

नथाने मान हलवली. दोनदा हलवली. "पुढच्या खेपेला बघतो," तो म्हणाला, आणि खाली मान घालून भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायला लागला.

जेकबने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि सिपोराकडे अजून थोडं कालवण मागितलं.